९० मागे, १६४ पुढे : ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमधल्या एका बदलत गेलेल्या प्रवासाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण अ‍ॅडलेडमध्ये राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचं, आणि त्यांनी आउटबॅकमध्ये, म्हणजे देशाच्या आतल्या ओसाड, विरळ वस्तीच्या भागात, केलेल्या गाडीच्या प्रवासाचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहितोय. नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे काही तपशील गाळले आहेत. मी यात त्रयस्थ नाही. प्रवासात रोज संध्याकाळी ज्याला फोन करायचा तो ‘घरचा माणूस’ मी होतो, आणि एका ठिकाणी चूक माझीही आहे.

निखिल बारा वर्षं ऑस्ट्रेलियात आहे. त्याची बायको मृदुला फार्मसिस्ट, मुलगी ईशा अकरा वर्षांची. निखिलचे आईवडील अकोल्याहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आले होते आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात परतणार होते. अण्णांचं वय ७२, वीस वर्षांपासून मधुमेह, दिवसातून दोनदा इन्सुलिन. शिवाय रक्तदाबाची गोळी, लघवीवाटे पाणी काढणाऱ्या जातीची. ही गोळी लक्षात ठेवा, पुढे कामाची आहे.

अण्णा भूगोलाचे निवृत्त शिक्षक. तीस वर्षं फळ्यावर खडूने ऑस्ट्रेलियाचा नकाशा काढलेला माणूस. आयर सरोवराचा तळ समुद्रसपाटीपेक्षा १५ मीटर खाली आहे, हे ते विमानतळावरून घरी येतानाच दोनदा सांगून झाले होते. त्यांना उलुरू, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातला तो प्रचंड खडक, बघायचं होतं. खडकावर चढायचं नव्हतं. २०१९ च्या ऑक्टोबरपासून चढायला बंदीच आहे आणि ते त्यांना पटलेलंही होतं. नुसतं समोर उभं राहायचं होतं.

अ‍ॅडलेडहून उत्तरेला ३१० किलोमीटरवर पोर्ट ऑगस्टा. तिथून स्टुअर्ट हायवे सुरू होतो तो थेट डार्विनपर्यंत, जवळजवळ २,७०० किलोमीटर. बहुतेक ठिकाणी दोनच लेन, एक जायची, एक यायची. या प्रकरणाशी संबंध आहे तो उलुरूच्या वाटेवरच्या पोर्ट ऑगस्टा ते कूबर पेडी या ५४० किलोमीटरच्या तुकड्याचा. तो असा मोडतो : पिंबापर्यंत १७३, तिथून ग्लेनडॅम्बो ११३, आणि ग्लेनडॅम्बो ते कूबर पेडी २५४. या शेवटच्या २५४ मध्ये पेट्रोल नाही, दुकान नाही, सावली म्हणावी असं झाड नाही, आणि फोन बहुतेक वेळ मुका. रस्ता मात्र गुळगुळीत डांबरी आहे. आपल्याकडच्या माणसाची फसगत इथेच होते. रस्ता चांगला म्हणजे प्रदेश ओळखीचा, असं वाटायला लागतं.

(जाता जाता : १८६६ मध्ये याच पोर्ट ऑगस्टाला कराचीहून आणलेले शंभरावर उंट उतरले होते. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात. त्यामुळे ‘आपल्याकडची उष्णता सहन करणारी मंडळी’ इथे पहिल्यांदा आली ती चार पायांवर, असं अण्णा म्हणायचे.)

निघण्याआधी काय काय विचारात घेतलं

जानेवारी म्हणजे इथला भर उन्हाळा. शाळेला सुट्टी तेव्हाच, अण्णांचा व्हिसाही तेवढाच. पर्याय तीन होते. एक, उलुरूजवळच्या विमानतळावर थेट विमानाने जायचं. पाच जणांचं भाडं आणि तिथली राहण्याची सोय धरून आकडा इतका फुगला की निखिलने कागद घडी घालून ठेवून दिला. दोन, बेत रद्द करून अण्णांना किनाऱ्याकिनाऱ्याने फिरवायचं. तीन, गाडीने जायचं, पण नियम घालून.

तिसरा पर्याय ठरला. नियम मृदुलाने लिहिले आणि फ्रिजवर लावले. सकाळी साडेसहाला सुटायचं, दुपारी दोनच्या आत गाडी सावलीत. दोन २० लिटरचे पाण्याचे कॅन आणि वर बाटल्या, आणि कॅनमधलं पाणी रस्त्यात संपवायचं नाही. डांबर सोडायचं नाही. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत सुटायचं नाही, कारण वरून शोधणाऱ्याला गाडी दिसते, माणूस दिसत नाही. संध्याकाळी सहाच्या आत मला फोन. सहापर्यंत नाही आला तर मी मुक्कामाच्या जागी फोन करायचा, सातपर्यंत नाही आला तर पोलिसांना.

उपग्रहावरून मदत मागवणारं छोटं यंत्र भाड्याने मिळतं. ते घ्यायचं का, यावर दहा मिनिटं बोलणं झालं आणि नको ठरलं. हायवेवर दहा-पंधरा मिनिटांनी एखादी गाडी जातेच, असं मीच म्हणालो होतो. ते खरंही आहे.

परतताना ऊडनाडाटा ट्रॅकने यावं, अशी निखिलची हौस होती. तो मारी ते मार्ला असा ६२० किलोमीटरचा कच्चा रस्ता, आयर सरोवराच्या बाजूने जाणारा. ऊडनाडाटा म्हणजे तेच गाव जिथे २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश तापमान नोंदलं गेलं. ‘तिथे गेल्यावर बघू’ असं म्हणून तो विषय अर्धवट ठेवला. अशा अर्धवट ठेवलेल्या बेतांचं ओझं गाडीत असतंच. फक्त ते डिकीत दिसत नाही.

अडचण

पहिला दिवस पोर्ट ऑगस्टापर्यंत, काही घडलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला सुटायचं होतं, ते नऊ चाळीसला सुटले. अण्णांना इन्सुलिननंतर नीट खायला हवं होतं आणि मोटेलचं उपाहारगृह आठला उघडलं. ईशा पोहण्याच्या तलावात उतरली. आईंनी अंघोळ, देवाचं आवरून डब्यासाठी पोळ्या भाजल्या. मृदुला घड्याळ बघत होती. नंतर ती मला म्हणाली, “सासू-सासरे इतके खुशीत होते, कुठे घाई घाई करायची म्हणून बोलले नाही.”

पुढे पिंबाला रस्त्यापासून थोडं आत वूमेरा लागतं. १९४७ पासूनचं रॉकेट-क्षेपणास्त्र चाचण्यांचं ठिकाण, गावात उघड्यावर जुनी रॉकेटं मांडून ठेवलेली. मूळ वेळापत्रकात तिथे अर्धा तास होता. तीन तास उशीर झाल्यावर तो काढून टाकायला हवा होता. पण शिक्षक माणसाला रॉकेटं दाखवायची नाहीत, असं कोण म्हणणार? तास गेला.

ग्लेनडॅम्बोला पोचले तेव्हा दोनला पाच मिनिटं कमी होती. बाहेर ४४. गावाच्या पाटीवर लोकसंख्या लिहिलेली आहे : मेंढ्या २२,५००, माश्या सुमारे २० लाख, माणसं ३०. ईशाने पाटीसमोर फोटो काढले, निखिलने पेट्रोल भरलं, आई आणि मृदुला स्वच्छतागृहात जाऊन आल्या. अण्णा गाडीतून उतरले नाहीत. “माश्या आहेत फार,” म्हणाले. सकाळी दिलेली त्यांची पाण्याची बाटली अर्धी भरलेली, मांडीजवळ तशीच होती. ती सगळ्यांनी पाहिली. कोणीच त्याचा अर्थ लावला नाही.

ग्लेनडॅम्बोपासून साधारण ऐंशी किलोमीटरवर समोरून एक रोड ट्रेन गेली. एकामागे एक तीन ट्रेलर लावलेला ट्रक. याची लांबी ५३.५ मीटरपर्यंत असू शकते. तो बाजूने जातो तेव्हा गाडी आधी ढकलली जाते, मग ओढली जाते. गाडीच्या पुढच्या भागात कुठेतरी ‘टण्’ असा आवाज आला. काच फुटली नाही म्हणून निखिलला हायसं वाटलं. पाच-सात मिनिटांत एसीतून कोमट हवा यायला लागली, मग गरम. दगड जाळीतून आत जाऊन एसीच्या कंडेन्सरला लागला होता आणि गॅस निघून गेला होता. इंजिनला काही झालेलं नव्हतं. गाडी पळत होती, फक्त आत बसलेली माणसं भाजायला लागली होती.

सव्वातीनला त्यांनी गाडी कडेला घेतली. ९० किलोमीटर मागे ग्लेनडॅम्बो, १६४ पुढे कूबर पेडी.

कडेला उभं राहून घेतलेला निर्णय

निखिलच्या सांगण्यानुसार चर्चा चार मिनिटं चालली. पर्याय असे :

मागे जायचं. पाऊण तास. तिथे एसी असलेलं रोडहाउस, बर्फ, खोल्या. डॉक्टर नाही.

पुढे जायचं. न थांबता दीड तास. तिथे रुग्णालय, गॅरेज, आणि आरक्षण केलेली जमिनीखालची खोली.

तिथेच थांबून ऊन उतरायची वाट बघायची. हा पर्याय कोणी नीट मांडलाच नाही, आणि मांडायची गरजही नव्हती. जानेवारीत तिथे सूर्य मावळतो साडेआठच्या सुमारास. घड्याळ एक तास पुढे केलेलं असतं आणि हा भाग त्या घड्याळाच्या मानाने बराच पश्चिमेला आहे. त्यामुळे घड्याळात सव्वातीन म्हणजे सूर्याचे जेमतेम पावणेदोन. दिवसाचा सगळ्यात तापलेला तुकडा अजून यायचाच होता.

निखिलने अण्णांना विचारलं, “अण्णा, तुम्हाला बरं वाटतंय ना?” अण्णा म्हणाले, “मला काय धाड भरलीय? अकोल्यात सत्तेचाळीस पाहिलंय. चल पुढे.”

हे वाक्य खोटं नव्हतं. पण अकोल्यात सत्तेचाळीस असतं तेव्हा अण्णा दुपारी एक ते पाच कूलरसमोर, खिडकीला ओला पडदा लावून झोपलेले असतात. आणि मुख्य म्हणजे प्रश्नच चुकीचा होता. ‘बरं वाटतंय ना’ या प्रश्नाला आपल्या घरातला कुठलाही वडीलधारा माणूस ‘हो’ शिवाय दुसरं उत्तर देत नाही. ‘शेवटचं पाणी कधी प्यालात, लघवीला कधी गेला होतात,’ असं विचारलं असतं तर उत्तर आलं असतं : पाणी, सकाळी नऊला; लघवी, त्याच्या आधी. निर्णय या माहितीवर फिरला असता. ती माहिती गाडीतच, मागच्या सीटवर, बसलेली होती.

ते पुढे निघाले.

खिडक्या उघडल्यावर आत आली ती झळ. त्वचेपेक्षा हवा गरम असली की नुसता वारा थंड करत नाही, उलट भाजतो. इथे आईंनी सूत्रं हातात घेतली. त्यांनी कॅनमधलं पाणी घेऊन पंचा भिजवला, अण्णांच्या डोक्यावरून मानेवर टाकला, मृदुलाची सुती ओढणी ओली करून खिडकीच्या काचेत अडकवली. हवा इतकी कोरडी की आठ-दहा मिनिटांत ओढणी खडखडीत. पुन्हा भिजवायची. नागपूर-अकोल्याचा कूलर ज्या कारणाने चालतो आणि मुंबईत चालत नाही, तेच कारण. आईंनी अण्णांच्या खिशात कांदाही ठेवला होता. कांद्याने काय होतं मला माहीत नाही, पंच्याने झालं.

चाळीसेक किलोमीटरनंतर ईशाने खेळ सुरू केला. “आबा, आयर सरोवर किती मीटर खाली?” अण्णा म्हणाले, “काय?” तिने पुन्हा विचारलं. ते तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “घंटा झाली का?”

ईशा पुढे वाकून मृदुलाला म्हणाली, “आबा नीट बोलत नाहीयेत.”

गाडी थांबली. मृदुलाने ग्लुकोमीटर काढला, बोटाला सुई टोचली, तर यंत्राने आकडा न दाखवता तापमानाची खूण दाखवली. ही यंत्रं ठरावीक तापमानापलीकडे काम करत नाहीत, आणि ती पिशवी पुढच्या काचेखाली तापत पडली होती. साखर वाढलीय की उतरलीय, हे कळायचा मार्ग बंद. अण्णा गिळू शकत होते. मृदुलाने मीठ-साखरेच्या पुडीचं पाणी घोट घोट पाजलं. तेव्हा आई नवऱ्याला वऱ्हाडी सुरात जे बोलल्या ते त्या एरवी सुनेसमोर कधी बोलल्या नसत्या : “काहून जी, सकाळपासून पाणी काहून नाही पिऊन राह्यले तुम्ही?”

अण्णा बऱ्याच वेळाने म्हणाले, “सारखं थांबावं लागतं ना मग.”

प्रोस्टेटचा त्रास. वाटेत आडोसा नाही, सून आणि नात गाडीत. त्यांनी सकाळी मोजूनमापून पाणी बंद केलं होतं, ‘माझ्यामुळे सगळ्यांना थांबायला नको’ म्हणून. त्यात ती पाणी काढणारी गोळी मात्र नेमाने घेतली होती.

संध्याकाळ

पाच वीसला ते थेट रुग्णालयात गेले. ताप ३८.६ अंश सेल्सियस, म्हणजे आपले साधारण १०१.५. नर्सने साखर मोजली आणि म्हणाली, “एकवीस.” आईंना तेवढं इंग्रजी कळत होतं. त्या मटकन खाली बसल्या, कारण आपल्याकडच्या हिशेबात साखर २१ म्हणजे माणूस बेशुद्ध, जवळजवळ गेलेलाच. इथलं मोजमाप वेगळं. २१ ला १८ ने गुणायचं, म्हणजे आपले ३८० च्या आसपास. ज्यांच्या घरी भारतातून मधुमेही मंडळी येतात त्यांनी हा १८ चा गुणाकार पाठच करून ठेवावा. अण्णांना सलाइन लावलं आणि रात्रभर ठेवून घेतलं. मूत्रपिंडाचे आकडे थोडे वर गेले होते.

इकडे अ‍ॅडलेडमध्ये माझी सहाची वेळ टळली. सहा वीसला मी मोटेलला फोन केला. ते लोक पोचलेच नाहीत, असं उत्तर आलं. सात वाजले. ठरल्याप्रमाणे पोलिसांना फोन करायचा होता. मी केला नाही. मनात तेच आपलं नेहमीचं : उगाच कशाला पोलीस, निघाले असतील उशिरा, नंतर हसं व्हायचं. सात चाळीसला निखिलचा फोन आला. धावपळीत विसरलो, म्हणाला. निष्पन्न काही वाईट झालं नाही म्हणून माझी चाळीस मिनिटं खपून गेली. गाडी खरोखर कुठे उलटली असती तर उजेडातली ती चाळीस मिनिटं मोलाची होती. मी अण्णांना नावं ठेवायच्या लायकीचा नाही, हे मला त्या रात्री कळलं.

आणखी एक. रात्री मृदुलाने बर्फाची पेटी उघडली. इन्सुलिनची पाच पेनं होती, त्यातली तीन बर्फाच्या पिशवीला चिकटून गोठलेली. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी वापरायचं नसतं. उष्णतेला घाबरून तिने ती थंडीत मारली होती. “मी रोज काउंटरवर लोकांना हेच सांगते,” एवढंच ती म्हणाली. डॉक्टरांनी इथली बदली पेनं लिहून दिली, तो प्रश्न सुटला.

कूबर पेडीत मांडलेले पर्याय

कूबर पेडी हे १९१५ मध्ये ओपल सापडल्यावर वसलेलं गाव, निम्मं जमिनीत कोरलेलं. बाहेर ४५ असताना त्यांच्या खोलीत २४ होतं, कुठलंही यंत्र न लावता. भिंतीवर यंत्राने खरवडल्याचे गोल गोल वळ, गेरूच्या रंगाचे. आईंनी त्यावर हात फिरवला आणि म्हणाल्या, “सारवल्यावाणी आहे.” अण्णा दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे आले आणि जेवून सरळ झोपले.

गाडीचं असं : कंडेन्सर गावात नव्हता. सुट्टीचे दिवस, पार्ट अ‍ॅडलेडहून यायला पाच-सहा दिवस. त्यावर पाच जणांनी बसून काय काय तोललं ते सांगतो.

उलुरू अजून ७३५ किलोमीटर. एसीशिवाय जायचं तर रोज फक्त सकाळी चालवायचं : एक दिवस मार्ला, दुसरा अर्लडंडा, तिसरा उलुरूजवळचं युलारा. रात्री चालवणं बाद, कांगारू आणि मोकळी गुरं. आणि पोचून काय? उलुरूजवळच्या काटा ट्युटा या खडकांच्या समूहातली ‘वाऱ्याची दरी’ ही पायवाट अंदाज ३६ अंशांचा असला की सकाळी अकराला बंद करतात. तिथला अंदाज ४३ होता. म्हणजे तीन दिवस भाजून जायचं आणि गाडीतूनच खडक बघायचा.

आईवडिलांना मृदुलासोबत खोलीत ठेवून निखिल-ईशाने बसने पुढे जायचं. हे ईशालाच नको होतं.

अण्णांना छोट्या विमानाने अ‍ॅडलेडला परत पाठवायचं. डॉक्टर म्हणाले दोन दिवस प्रवास नको, मग बघू.

पार्ट येईपर्यंत थांबायचं. खर्च सोडला तर हा सगळ्यात सुरक्षित वाटत होता आणि तोच ठरला. ऊडनाडाटा ट्रॅकचा विषय निखिलने स्वतःच काढला आणि स्वतःच मिटवला.

उलुरू सोडायचं हे मात्र कोणी बोलेना. निखिलला वाटत होतं अण्णांचं स्वप्न मोडतंय, अण्णांना वाटत होतं मुलाने एवढा खर्च केलाय. दोघंही एकमेकांसाठी जायला तयार होते आणि दोघांनाही जायचं नव्हतं. शेवटी आई म्हणाल्या, “मला नाही यायचं बाबा. मी इथेच बरी.” त्या एका वाक्याने दोघांची सुटका झाली.

पुन्हा बदल

तिसऱ्या रात्री मी फोन केला. उत्तरेकडून पावसाचा मोठा पट्टा खाली सरकत होता. २०२२ च्या जानेवारीअखेरीस असाच पाऊस होऊन ग्लेनडॅम्बोजवळ हायवे पाण्याखाली गेला होता, बरेच दिवस बंद होता, रेल्वेही तुटली होती, आणि कूबर पेडीला हवाई दलाच्या विमानाने अन्न पोचवावं लागलं होतं. अण्णांचं परतीचं विमान पंधरा दिवसांवर. मी म्हणालो, अडकून बसण्यापेक्षा एसीशिवाय का होईना, सकाळच्या सकाळी खाली या. दक्षिणेकडे वारं फिरलं होतं, पोर्ट ऑगस्टाचा अंदाज ३३ होता.

या वेळी तयारी वेगळी होती. डॉक्टरांनी ती पाण्याची गोळी काही दिवस बंद करायला सांगितली होती. ग्लुकोमीटर आणि पेनं स्टीलच्या डब्यात, डबा ओल्या नॅपकिनमध्ये, बर्फापासून लांब. आणि मुख्य बदल ईशाच्या वहीत होता. तिने पाच रकाने आखले होते, प्रत्येकाच्या नावाचा एक. पाण्याच्या दर बाटलीला एक रेघ. दर तासाला गाडी थांबणार, आणि थांबली की पाचही जणांनी उतरायचं, गरज असो-नसो. गाडीची एका बाजूची दोन्ही दारं उघडायची, मध्ये आईंची साडी बांधायची, झाला आडोसा. पहिला नंबर निखिलचा. त्यामुळे अण्णांसाठी थांबलो, असं कुठेच झालं नाही.

पावणेसातनंतर, सूर्य वर आल्यावर ते निघाले. ग्लेनडॅम्बोला अण्णा स्वतः दार उघडून उतरले. पावणेएकला पोर्ट ऑगस्टा. घड्याळात पाऊण, पण सूर्याचे सव्वाअकराच. गाडीतलं तापमान ३६ च्या वर गेलं नाही. दुसऱ्या दिवशी घरी.

निष्पन्न

अण्णांचे मूत्रपिंडाचे आकडे आठवड्यात जागेवर आले. भारताशी ऑस्ट्रेलियाचा परस्पर आरोग्यसेवेचा करार नाही, त्यामुळे बिल पूर्ण लागलं. पाहुण्यांसाठी काढलेल्या विम्याने कागदपत्रांच्या तीन फेऱ्यांनंतर बहुतेक पैसे दिले. अण्णा ठरल्या दिवशी परतले. उलुरू पाहिलं नाही.

पाऊस झाला, कच्चे रस्ते बंद झाले, ऊडनाडाटा ट्रॅकही. हायवे मात्र उघडाच राहिला. आणि कंडेन्सर ते निघाल्यानंतर दोन दिवसांनी कूबर पेडीत येऊन पडला. म्हणजे माझं ऐकून त्यांनी केलेला प्रवास, नुसता निकाल बघितला तर, अनावश्यक होता. हाती असलेल्या माहितीवर मी आजही तोच सल्ला देईन, पण निखिल अधूनमधून मला त्या पार्टचं बिल दाखवतो.

वेगळं काय करता आलं असतं

उपग्रहाचं यंत्र घ्यायला हवं होतं, हे तर आहेच. त्याने या प्रकरणात फरक पडला नसता, तरी घ्यावं. ग्लुकोमीटर थंड जागी हवा होता. निघण्याआधी डॉक्टरांना फक्त ‘प्रवासाला जाऊ का’ एवढंच न विचारता ‘या गोळ्या ४४ अंशांत कशा घ्यायच्या’ असं विचारायला हवं होतं. सकाळचे तीन तास गेल्यावर त्या दिवशी निघायलाच नको होतं. पोर्ट ऑगस्टातली खोली आणखी एक रात्र मिळत होती. वेळेत निघाले असते तर तोच दगड सकाळी लागला असता, किंवा लागलाही नसता.

सव्वातीनच्या निर्णयावर आमचं एकमत नाही. मी म्हणतो मागे जायला हवं होतं : पाऊण तासात सावली, एसी, पाणी. निखिल म्हणतो ग्लेनडॅम्बोला डॉक्टर नाही, रात्री अण्णा बिघडले असते तर फ्लाइंग डॉक्टरचं विमान येईपर्यंत काय केलं असतंस? मी म्हणतो, पाऊण तासात सावलीला गेले असते तर बिघडलेच नसते. तो म्हणतो, ते तुला अ‍ॅडलेडात बसून कळतं.

मृदुला या वादात पडत नाही. तिच्या मते गाडी कुठे वळवायची हा प्रश्न नंतरचा. दोनला पाच मिनिटं कमी असताना, ग्लेनडॅम्बोच्या पंपावर, ती अर्धी बाटली तिने पाहिली होती.